सोनखतातील विषांश

मैल्यापासून तयार होणाऱ्या खताला मराठीत सोनखत असे नाव आहे. ज्या वस्तूचा स्पर्शही समाजाने निषिद्ध मानला आणि जी वाहून नेणाऱ्या माणसांनाही दूर लोटले, त्या वस्तूला शेतकऱ्याच्या भाषेने सोन्याचे नाव द्यावे, यात मोठा अर्थ आहे. जमिनीतून जे आले ते जमिनीला परत गेले पाहिजे, हा शेतीचा आद्य नियम होय. या नियमामागे एक गृहीत मात्र न उच्चारताच मान्य केलेले असते. माणसाच्या घरातून जे बाहेर पडते, ते मातीतील सूक्ष्म जीव पचवू शकतात, हे ते गृहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला तडा गेला. जंतू मारण्यासाठी बनविलेली रसायने साबणातून मोरीत, मोरीतून गटारात आणि गटारातून गाळात जाऊन बसली. आणि तो गाळ खत म्हणून शेतात पसरला जाऊ लागला. हे कसे घडले, याचा इतिहास दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे आणि त्याची सुरुवातही गटारातच झालेली आहे.

यंत्रयुगातील शहरांनी सोनखताचे चक्र प्रथम तोडले. पाण्याने वाहून जाणारे शौचकूप घरोघरी आले आणि पूर्वी गाडीतून शेतावर जाणारा मैला नदीत जाऊ लागला. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली की लंडनच्या पार्लमेंटला काम करणे असह्य झाले. त्यानंतर जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने शहराखालून मोठमोठी गटारे बांधून घाण शहराच्या पूर्वेला नेऊन सोडली. लंडनचे आरोग्य त्यामुळे सुधारले, यात शंका नाही. परंतु जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख याला त्यात शेतीचा ऱ्हास दिसत होता. १८६५ मध्ये लंडनच्या महापौरांना लिहिलेल्या पत्रांतून त्याने गटारातील द्रव्ये शेतीला मिळावीत, असा आग्रह धरला. तरीही शहरांनी सोपा मार्ग पत्करला. १८८७ पासून लंडनचा गाळ जहाजात भरून समुद्रात टाकला जाऊ लागला. त्या कामासाठी बांधलेल्या पहिल्या जहाजाला बॅझलगेटचेच नाव दिलेले होते.

याच सुमारास इंग्लंडच्या उत्तर सीमेवरील कार्लाइल नावाच्या गावात एक वेगळा प्रयोग चालू होता. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे कार्बॉलिक अॅसिड तेथे गटाराच्या पाण्यात अल्प प्रमाणात मिसळले जात असे आणि ते पाणी कुरणांना दिले जात असे. दुर्गंधी तर नाहीशी झालीच; शिवाय त्या कुरणांवर चरणाऱ्या गुरांना होणारी कृमींची बाधाही थांबली, असा वृत्तांत प्रसिद्ध झाला. १८६४ मध्ये तो वृत्तांत जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याच्या वाचनात आला. शस्त्रक्रिया उत्तम पार पडावी आणि जखम चिघळून रोगी दगावावा, हा ग्लासगोच्या रुग्णालयातील त्याचा नित्याचा अनुभव होता. गटारातील सडण्याची क्रिया जे द्रव्य थांबविते ते जखमेतील सडण्याची क्रियाही थांबवील, असा तर्क त्याने केला. १२ ऑगस्ट १८६५ रोजी गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्याने कार्बॉलिक अॅसिडाची पट्टी बांधली. जखम न चिघळता भरून आली. १८६७ मध्ये लिस्टरने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा या कल्पनेचे मूळ कार्लाइलच्या गटारात आहे, हे त्याने मोकळेपणाने सांगितले.

शस्त्रक्रियेच्या इतिहासातील या पर्वाचा गौरव सर्वत्र होतो आणि तो योग्यच आहे. कार्बॉलिक अॅसिड, म्हणजेच फिनॉल, हे दाहक विष आहे. ते जंतूंप्रमाणे माणसाच्या कातडीलाही जाळते. तथापि त्याच्या अंगी एक गुण होता. त्याचा रेणू साधा आहे. तो पातळ होऊन मातीत मिसळला की तेथील अनेक जिवाणू त्याला अन्न म्हणून पचवून टाकतात. कार्लाइलच्या कुरणांत त्याचा साठा होत राहण्याचे कारण नव्हते. पुढे आलेल्या जंतुनाशकांमध्ये नेमका हाच गुण कमी होता.

गटाराच्या गाळाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय मँचेस्टर शहराकडे जाते. तेथील महापालिकेचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर यांनी १९१२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स येथील प्रयोग पाहिले आणि परतल्यावर आपल्या सहकाऱ्यांना सांडपाण्यात हवा खेळविण्याचे प्रयोग सुचविले. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी ते मोठ्या चिकाटीने केले. पहिल्या खेपेस पाणी पूर्ण शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचे स्वच्छ पाणी काढून घेतले. तळाचा गाळ मात्र फेकून न देता त्यावर नवे सांडपाणी ओतले. असे वारंवार केल्यावर आठवड्यांचे काम काही तासांत होऊ लागले. गाळ म्हणजे निर्जीव घाण नसून असंख्य जिवाणूंची वसाहत आहे आणि तीच पाणी शुद्ध करते, हे त्यावरून सिद्ध झाले. ३ एप्रिल १९१४ रोजी हे संशोधन विद्वानांपुढे वाचण्यात आले. सक्रिय गाळाची ही पद्धत आज जगभरच्या शहरांत वापरात आहे.

फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. सांडपाण्याच्या सक्रिय गाळाचे तत्त्व काडीकचऱ्याचे खत करण्यास लावता येते, हे त्यांनी तेथे दाखविले. इंदूरला १९२४ मध्ये वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली आणि तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपली प्रसिद्ध कंपोस्ट पद्धती तेथे सिद्ध केली. पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक काळाने वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करणारी ही पद्धती शहराच्या नावानेच, ‘इंदूर पद्धती’ म्हणून, जगभर ओळखली गेली. शेतीतील टाकाऊ द्रव्यांवरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचेही नाव आहे आणि बंगळूरच्या प्रयोगांची दखल त्या ग्रंथात घेतलेली आहे. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी हीच पद्धती वस्तीतील मैल्याला कशी लावावी, हे दाखवून दिले. तिकडे अमेरिकेतील मिलवॉकी शहराने १९२६ पासून सक्रिय गाळ वाळवून, पिशव्यांत भरून खत म्हणून विकण्यास प्रारंभ केला. लीबिखने सुचविलेला मार्ग आता प्रत्यक्षात उतरत होता. या सर्व प्रयत्नांचा पाया एकच होता: कामकरी जिवाणू. कुंडातील गाळ असो वा इंदूरचा ढीग असो, तेथे राबणारे हात सूक्ष्म जीवांचेच होते.

त्याच जिवाणूंविरुद्ध घराघरांत मोहीम सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. कातडीला न जाळता जंतू मारणारी नवी रसायने तोपर्यंत हाती आली होती. १९४८ मध्ये शिकागोच्या एका मांसव्यापारी कंपनीने हेक्साक्लोरोफीन घातलेला ‘डायल’ साबण बाजारात आणला. घामाची दुर्गंधी येऊ देणार नाही, अशी त्याची जाहिरात होती. लिस्टरने जखमेसाठी योजलेले शस्त्र आता निरोगी माणसाच्या रोजच्या स्नानात आले. रुग्णालयांत नवजात बालकांनाही हेक्साक्लोरोफीनच्या द्रावणाने न्हाऊ घालण्याचा प्रघात पडला. १९५७ मध्ये ट्रायक्लोकार्बन हे दुसरे द्रव्य साबणांत येऊ लागले. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रासायनिक उद्योगाने ट्रायक्लोसान तयार केले.

१९७२ हे वर्ष या कथेत दुःखद ठरले. फ्रान्समध्ये बालकांच्या अंगाला लावण्याच्या एका पावडरीत चुकीने ६ टक्के हेक्साक्लोरोफीन मिसळले गेले आणि ३६ बालके मृत्युमुखी पडली. हे द्रव्य कातडीतून आत शिरून मेंदूला इजा करते, हे तोपर्यंत प्राण्यांवरील प्रयोगांतूनही दिसून आले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षी त्याच्या वापरावर कडक बंधने घातली. हेक्साक्लोरोफीन मागे हटले. परंतु घरगुती साबणात जंतुनाशक हवेच कशाला, हा प्रश्न त्या निमित्ताने विचारला जावयास हवा होता, तो विचारला गेला नाही. एक द्रव्य गेले आणि त्याच्या जागी दुसरे आले. ट्रायक्लोसान प्रथम शल्यवैद्यांच्या हात धुण्यात आले; नंतर घरगुती साबण, टूथपेस्ट, पायमोजे, खेळणी आणि भाजी चिरण्याच्या पाटांपर्यंत त्याने मजल मारली. ते माणसाच्या कातडीला सोसते की नाही, याची परीक्षा झाली. मोरीतून खाली गेल्यावर त्याचे काय होते, ही परीक्षा कोणाच्या मनातही नव्हती.

मोरीखाली जे घडत होते ते रसायनशास्त्राच्या नियमांनुसारच घडत होते. ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बन या दोहोंच्या रेणूंत क्लोरीनचे तीन तीन अणू असतात. पाण्यात ही द्रव्ये फारशी विरघळत नाहीत. स्निग्ध पदार्थांना आणि घन कणांना मात्र ती घट्ट चिकटतात. त्यामुळे शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी पुष्कळसे निवळ दिसते, कारण त्यातील द्रव्य गाळाने ओढून घेतलेले असते. पुढे हा गाळ हवाबंद कुंडांत कुजविला जातो. तेथे मैला कुजतो, ज्वलनशील वायू निघतो. ही रसायने मात्र बव्हंशी तशीच राहतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉल्फ हॅल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका मोठ्या केंद्राचा जमाखर्च मांडला. आत आलेल्या ट्रायक्लोकार्बनपैकी सुमारे ७६ टक्के द्रव्य कुजविलेल्या गाळात शिल्लक राहते, असे २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. ट्रायक्लोसानच्या बाबतीत हा वाटा निम्म्याच्या आसपास होता. पाणी शुद्ध झाले असे ज्याला म्हटले जात होते, ते अंशतः केवळ स्थलांतर होते.

गाळ समुद्रात जात होता तोवर या स्थलांतराकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे तो मार्ग बंद झाला. अमेरिकेने १९८८ मध्ये समुद्रात गाळ टाकण्यास बंदी करणारा कायदा केला आणि न्यूयॉर्कने १९९२ मध्ये ती प्रथा थांबविली. ब्रिटनची जहाजे १९९८ अखेर थांबली. समुद्राच्या दृष्टीने हे निर्णय हितकारकच होते. पण त्यामुळे गाळाचा ओघ जमिनीकडे वळला. अमेरिकेत या व्यवसायातील संघटनेने १९९१ मध्ये गाळाला ‘बायोसॉलिड्स’ असे सोज्वळ नाव दिले. १९९३ मध्ये गाळाच्या वापराचे नियम आले. आर्सेनिक, कॅडमियम, शिसे, पारा अशा मूलद्रव्यांवर आणि रोगजंतूंवर त्यांत मर्यादा घातलेल्या आहेत. साबणातील जंतुनाशकांना त्या यादीत स्थान मिळाले नाही.

मोजणी झाली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने १९९९ आणि २००० या वर्षांत १३९ प्रवाहांचे पाणी तपासले. ट्रायक्लोसान तपासलेल्या नमुन्यांपैकी निम्म्याहून अधिक नमुन्यांत आढळले. पर्यावरण संरक्षण संस्थेने ३५ राज्यांतील ७४ केंद्रांच्या गाळाचे ८४ नमुने तपासून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ट्रायक्लोकार्बन त्या सर्वच्या सर्व ८४ नमुन्यांत होते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक औषधही सर्व नमुन्यांत होते. काही ठिकाणी कोरड्या गाळाच्या एका किलोग्रॅममागे ट्रायक्लोकार्बनचे प्रमाण शेकडो मिलिग्रॅमपर्यंत पोचलेले होते. गाळ पसरलेल्या शेतातील गांडुळांच्या शरीरात ट्रायक्लोसान साठलेले आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या प्राण्याला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात त्याच्याच देहात या व्यवहाराची नोंद उमटली होती.

अशीच एक नोंद मिसिसिपी नदीवरील पेपिन सरोवराच्या तळाशी सापडली. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या खालच्या अंगाला हे सरोवर आहे. त्याच्या तळावर वर्षानुवर्षे बसलेल्या चिखलाचे थर म्हणजे नदीची रोजकीर्दच होय. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ते थर वाचले आणि २०१० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. सूर्यप्रकाशात ट्रायक्लोसानपासून काही प्रकारची डायॉक्सिन द्रव्ये बनतात. मागील तीस वर्षांत इतर सर्व डायॉक्सिनांचे प्रमाण ७३ ते ९० टक्क्यांनी घटले होते. ट्रायक्लोसानपासून बनणाऱ्यांचे मात्र २०० ते ३०० टक्क्यांनी वाढले होते. २०१४ मध्ये याच मिनेसोटा राज्याने ट्रायक्लोसानयुक्त घरगुती साबणांवर बंदी घालणारा अमेरिकेतील पहिला कायदा केला.

या द्रव्यांविषयीची खरी चिंता मात्र केवळ त्यांच्या साठ्याची नाही. फिनॉलसारखे विष जंतूच्या साऱ्या देहावर एकदम घाला घालते, म्हणून त्याला चुकविणे जंतूला अवघड जाते. ट्रायक्लोसानही तसेच वागते, असा पुष्कळ दिवस समज होता. १९९८ मध्ये बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो समज खोडून काढला. अल्प प्रमाणातील ट्रायक्लोसान जिवाणूच्या स्निग्ध द्रव्ये बनविणाऱ्या एका विशिष्ट विकरालाच अडविते, आणि त्या विकरात किंचित बदल झाला की जिवाणू त्याला दाद देत नाही, हे त्यांनी दाखविले. क्षयरोगावरील आयसोनायाझिड हे औषध ज्या विकरावर मारा करते, तेही याच कुळातील आहे. म्हणजे साबणातील द्रव्याचे वर्तन प्रतिजैविकासारखे होते. ज्या गाळात असंख्य जिवाणू दाटीवाटीने राहतात आणि आपसांत वंशगुणांची देवघेव करतात, तेथे अशा द्रव्याची अल्प मात्रा सतत असणे म्हणजे प्रतिकारक जिवाणूंना निवडून वाढविणेच होय.

मात्रा प्रचंड असेल तर काय होते, याचे उदाहरण भारतातच घडले. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध केले जात असे. योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील शुद्ध केलेले पाणी तपासले. त्यात एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन असल्याचे २००७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. तेथील निचरा ओढ्यांवाटे, बालाघाटच्या डोंगरात उगम पावणाऱ्या मांजरा नदीकडे आणि तिच्यावाटे गोदावरीकडे जाणारा होता. खालच्या प्रवाहांतील गाळात प्रतिकाराच्या वंशगुणांचे प्रमाण असाधारण असल्याचे २०११ च्या संशोधनात आढळले. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा सुचविणारा मसुदा काढला. २०२१ च्या अंतिम नियमांत मात्र त्या मर्यादा उरल्या नाहीत.

दुसरी बाजूही लक्षात घेणे न्याय्य ठरेल. टूथपेस्टमधील ट्रायक्लोसान हिरड्यांचा दाह कमी करते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले होते आणि शस्त्रक्रियागृहात जंतुनाशकांची गरज कोणी नाकारीत नाही. घरगुती साबणाची गोष्ट निराळी होती. साधा साबण आणि पाणी यांपेक्षा जंतुनाशक साबणाने रोगराई अधिक टळते, हे सिद्ध करण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादकांना सांगितले. ते सिद्ध झाले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये प्रशासनाने ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बन यांसह १९ द्रव्यांना अशा साबणांतून हद्दपार केले. युरोपीय संघानेही त्याच वर्षी मानवी स्वच्छतेच्या वस्तूंत जंतुनाशक म्हणून ट्रायक्लोसान वापरण्यास मान्यता नाकारली. पण १९७२ प्रमाणेच याही वेळी रिकामी जागा रिकामी राहिली नाही. बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी दुसरी द्रव्ये पुढे सरसावली आणि २०२० च्या महासाथीत त्यांचा खप वाढला. तीही गाळालाच चिकटतात.

या इतिहासाचा बोध साबणापुरता मर्यादित नाही. स्वित्झर्लंडने २००६ पासून शेतात गाळ वापरणे बंद केले. तेथे तो जाळला जातो. विषाच्या दृष्टीने तो मार्ग सुरक्षित म्हणता येईल. परंतु जाळलेल्या गाळाबरोबर नत्र उडून जाते, सेंद्रिय द्रव्य नष्ट होते आणि राखेतून स्फुरद काढण्यासाठी वेगळा खर्च करावा लागतो. साऱ्याच देशांनी हा मार्ग धरला, तर इंदूरच्या खड्ड्यांत सिद्ध झालेले शहाणपण निरुपयोगी ठरेल आणि शहर व शेत यांच्यातील नाते कायमचे तुटेल. मैला दोषी नाही आणि गाळही दोषी नाही. नळाखाली जे ओतले जाते त्याचा हा प्रश्न आहे. एखादे द्रव्य बाजारात येण्यापूर्वी ते माणसाला अपाय करते काय, एवढेच विचारून भागणार नाही. त्याचे काम संपल्यावर माती ते पचवू शकेल काय, हेही विचारावे लागेल. एकदा गाळात बसलेले द्रव्य वेगळे काढणे अतिशय कष्टाचे आणि खर्चाचे असते. ते मुळात गटारात न सोडणे त्या मानाने पुष्कळच सोपे आहे. सोनखताला दिलेले नाव यापुढेही सार्थ राहावे, असे वाटत असेल तर त्याची राखण शेताच्या बांधावर करून चालणार नाही. ती कारखान्यात आणि घरच्या मोरीतच करावी लागेल.